पाटावर ठेवलेलं बूच

वन्सं, अक्षर बघून हसू नका. माझा हात शिलाईवर चांगला चालतो, पण पेन धरला की बोटं अवघडतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, ओळ वर चढणार, जोडाक्षराला तर मी अजून घाबरते. चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढ्यावरच लिहितेय, त्याची आधीच माफी मागते. तुम्ही असता तर चष्मा नाकावर घेऊन लाल पेनानं गोल काढले असते. ही वही ब्लाउजच्या मापांची आहे. मागची पानं कोरी होती.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तेराव्याला तुमच्या भावानं पाहुण्यांना सगळं सांगितलं. तुम्ही मिलिटरीत नर्स होता, कुठं कुठं राहिलात, थंडीत तंबूत कशा झोपलात. बोटीचं काही काढलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "शेवटी शेवटी आक्का जरा इसरायला लागलीती. आमच्या आईवानी." पाहुण्यांनी माना हलवल्या. मी तेव्हा वरण वाढत होते. बादली खाली ठेवून तिथंच सांगायला हवं होतं की असं नव्हतं. मी पुढच्या ताटात वरण वाढलं.

म्हणून लिहितेय.

रिटायर झाल्यावर बायका देवदेव करतात, तुम्ही बोट आणलीत. कोयनेच्या पाण्याकडचं कुठलं तरी हॉटेल बंद पडलं, त्यांची जुनी फायबरची बोट तुम्ही घेतली आणि टेम्पोत घालून थेट आपल्या गावच्या घाटावर उतरवलीत. पांढरी, निळ्या पट्ट्याची, चौघं बसतील एवढी. मागं इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. तुमचा भाऊ डोक्याला हात लावून उभा.

"आक्का, खुळी झालीस का काय? कृष्णंत मगरी हायत्या!"

"असू देत की. चौघांचीच बोट हाय, मगरीला कुठं बसवतोय आपण?"

गावानं तिचं नाव नर्सबाईची फटफटी ठेवलं. पहिल्या रविवारी तुम्ही इंजिन सुरू केलंत. आवाज घुमला, मागं पाणी पांढरं झालं, आणि बोट जागची हलेना. तुम्ही अजून जोर दिलात. घाटावरून म्हातारे दाजी ओरडले, "आवं नर्सबाई, दावं सोडा आधी! म्हस अजून दावणीलाच हाय!" सगळा घाट हसला. तुम्हीही हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तेवढी खाली बघत होते. साडीवर ते नारिंगी जाकीट घालून बसल्याची मला इतकी लाज वाटत होती, की नदीत बुडाले तरी चालेल असं झालं होतं. आणि जाकिटामुळं तेही जमलं नसतं. धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही म्हणालात, "मालन, हसणाऱ्यांची मापं घेऊन ठेव. पुढच्या रविवारी त्यांनाबी जाकिटं लागतील."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आपलं गाव पाण्यातून बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्याच घाटावर धुणं धुतलं, पण कधी पलीकडून बघितलं नव्हतं. देवळाची मागची भिंत, चिंच, ओळीनं घरांच्या पाठी, आणि एका दोरीवर वाळत घातलेल्या माझ्याच दोन साड्या. मला वाटलं, ही कोण बाई राहते इथं? तुम्हाला हे मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं?" तर मी म्हणाले, "बरं."

तुम्ही माझ्या "बरं"ला वैतागायचात. "तोंड हाय का चिकटवलेलं पाकीट?" पण वन्सं, बोटीवर मी बोलायला लागले ते तुमच्या लक्षात आलं होतं का? इंजिनाच्या आवाजात हळू बोलून चालायचंच नाही. पुढं बसून मला ओरडून सांगावं लागायचं, "डावीकडं! पाइप हाय!" उसाला पाणी ओढणारे सगळ्यांचे पाइप नदीत आडवे पडलेले. एकदा मी नीट ओरडले नाही आणि तुम्ही इंजिनाचा पंखा सरळ पाइपावर घातलात. पंख्याचं एक पातं मोडलं. पाटलांचा गडी काठावरून शिव्या देत आला, तुम्ही त्यालाच बोटीत बसवून पाइप जोडायला लावलात आणि वर चहा पाजलात. परत जाताना तुम्ही वल्हं मारत होता आणि मला म्हणालात, "आता तुझा आवाज म्हंजे माझा हॉर्न. हॉर्न लाजला तर अपघात व्हतो." त्यानंतर मी असं ओरडायचे, की घरी गेल्यावर घसा दुखायचा. घरात मात्र आवाज पुन्हा होता तेवढाच.

दर शनिवारी तुमची गाडी साताऱ्याहून यायची. मी शनिवारची शिलाई शुक्रवारीच उरकायचे. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, मालनबाईला रविवारी गाठता येत नाही, ती कप्तान झालीय. मला ते ऐकायला आवडायचं. एकदा वरच्या बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवलं की काय झालं, रात्रीतून पाणी उतरलं, आणि सकाळी बघतो तर बोट घाटाच्या पायरीला दोरीनं लोंबकळतेय, खाली नुसता चिखल. आठ माणसं लागली ओढायला. तुम्ही गुडघाभर गाळात, पँट वर खोचलेली, मोठ्यानं मिलिटरीच्या हिंदीत हुकूम सोडताय, "एक साथ! जोर लगाके!" आणि आपले लोक "व्हय व्हय" म्हणत उलट्या बाजूला ओढतायत. नंतर सगळ्यांना भाकरी आणि खर्डा मीच दिला, बोटीच्या फळीवर बसून. तशी गोड भाकरी मी घरी कधी खाल्ली नाही.

आपलं एक भांडण राहून गेलं. तुम्ही म्हणायचात, पोहायला शीक. मी म्हणायचे, जाकीट असल्यावर पोहायचं कशाला. तुम्ही म्हणायचात, "जाकीट दुसऱ्यानं दिलेलं असतं. पोहणं आपलं असतं."  

आता दसऱ्याचं.

पावसाळाभर बोट काठावर ताडपत्रीखाली होती. तुम्ही मला दाखवलं होतं, बोटीच्या मागं अगदी खाली एक भोक असतं, आत साठलेलं पाणी निघून जायला. बोट काठावर असली की त्याचं पितळी बूच काढून ठेवायचं, पाण्यात सोडायच्या आधी आवळायचं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही येऊन सगळं तयार केलंत. बोट धुतली, इंजिनात तेल भरलं, खाली वाकून बूच आवळलंत. मी शेजारी बादली धरून उभी होते. मी बघितलं, वन्सं. पान्यानं शेवटचा आटा दिलात आणि तळहातानं थोपटलंत, जसं एखाद्या पोराच्या पाठीवर थोपटावं तसं. म्हणालात, "चला, पुढच्या रविवारी दसऱ्याला सीमोल्लंघन नदीतनं."

शनिवारी खंडेनवमी होती. आपल्यात हत्यारं पुजतात. मी पाट मांडला. विळा, खुरपी, कोयता, तुमच्या भावाचा पाना, माझ्या कात्र्या. शिलाई मशीनला जागेवरच हार घातला. मग मनात आलं, बोटीनं वर्षभर एवढं काम केलं, तिची पूजा नको का? बोट तर पाटावर येणार नाही. घाटावर गेले, इंजिनाला झेंडूचा हार घातला. पण पाटावर तिचं काहीतरी असावं असं वाटलं. म्हणून मी बोटीतल्या पान्यानं बूच काढलं. पुसून घरी आणलं, पाटावर कात्रीशेजारी ठेवलं, हळदकुंकू लावलं. खंडेनवमीला पूजा झाली की हत्यार वापरायचं नसतं, जागचं उचलायचंही नसतं. म्हटलं, उद्या सकाळी लावून येईन.

सकाळी पुरण शिजत होतं. तुम्ही लिलीसिस्टरना घेऊन आलात, त्या तुमच्याबरोबर नोकरीत होत्या. तुमचा भाऊ पहिल्यांदाच बोटीत बसायला तयार झाला होता, त्यानं पांढरा शर्ट घातलेला. घाटावरून हाक आली, "मालन, ये लवकर, एक फेरी मारून येऊ मग जेवू!" मी पिठाचे हात धुतले आणि धावत आले. पाट, पूजा, बूच, काहीच डोक्यात नव्हतं. पोरांनी बोट ढकलली. मी पुढं बसले, ओरडायला.

आधी पाय ओले झाले. वाटलं, तुषार आहेत. मग लिलीसिस्टरची चप्पल तरंगली. मग तुम्ही मागं वाकलात, पाण्यात हात घालून भोक चाचपलंत आणि थांबलात. तुमचा चेहरा मी बघितला. त्याच क्षणी मला पाट आठवला.

मी हॉर्न होते ना, वन्सं. तेव्हा ओरडायला हवं होतं.

तुम्ही बोट काठाकडं वळवलीत. काठापासून दहा-बारा हातांवर मागची बाजू खाली गेली, इंजिन पाण्यात बुडून खॅक करून बंद पडलं. जाकिटांमुळं सगळे तरंगलो. तुमचा भाऊ "मगर! मगर!" म्हणून ओरडत माझ्याच पदराला लोंबकळला, आणि ती मगर म्हणजे त्याचाच पाय होता. लोकांनी ओढून काढलं. कुणाला काही झालं नाही. लिलीसिस्टर तर हसत होत्या. तुम्ही ओल्या केसांनी घाटावर उभ्या राहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चूक माझी. बूच लावायचं राहिलं माझ्याकडनं."

तुमचा भाऊ म्हणाला, "आईचंबी असंच सुरू झाल्तं आक्का. गॅस, मग किल्ल्या, मग माणसं."

 तुमच्या आईंना शेवटी तुमचं नावही आठवत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तिथं उभी होते, पदर पिळत. का बोलले नाही? नवऱ्याचा राग, एवढी माणसं, हे सगळं खरं आहे. पण अजून एक खरं आहे, ते लिहायला मला दोन पानं फाडावी लागली. आयुष्यभर चुकणारी मीच. हिशेब चुकला माझा, फॉर्म भरला चुकीचा मी, बस चुकली माझीच. त्या दिवशी पहिल्यांदा शहाण्या माणसाची चूक झाली असं सगळ्यांना वाटलं, आणि मला आत कुठं तरी, एवढंसं, बरं वाटलं. थोडाच वेळ वाटलं. पण वाटलं.

घरी येऊन मी पाटावरचं बूच उचललं आणि मशीनच्या खणात, रिळांच्या खाली घातलं. तुम्ही दुसरं विकत आणलंत.

इंजिन कऱ्हाडला बाबालाल मेस्त्रींकडं नेलं. त्यांनी उघडून सांगितलं, आत पाणी आणि गाळ, सगळं खोलावं लागेल. तुम्ही अर्धे पैसे आगाऊ दिले. मग तुम्ही गाडी चालवायची सोडलीत. शनिवारी एसटीनं यायला लागलात. मग एक शनिवार सोडून. बोट मासेमारीच्या ठेकेदाराला नुसती, बिनइंजिनाची विकलीत. मेस्त्रींना म्हणालात, इंजिन राहू दे तिथंच, बाकीचे पैसे नंतर बघू. तुमचा भाऊ म्हणाला, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. मी चहा केला.

आणि तो फोन. रविवारची दुपार होती, पूर्वी आपण नदीवर असायचो ती वेळ. तुम्ही म्हणालात, "मालन, एक विचारू? खरं सांग हां. त्या आधल्या रविवारी तू बादली घिऊन माझ्याशेजारीच हुतीस. मी बूच आवळलं का गं?"

मी म्हणाले, "मला न्हाई आठवत, वन्सं."

 मग म्हणालात, "बरं." माझाच शब्द.

तुम्ही झोपेत गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. साताऱ्यातलं सदर बझारचं तुमचं घर आवरायला मी गेले होते. उशाशी वही होती. रोजचं पान. दार लावले. गॅस बंद. गोळी घेतली. किल्ली खिळ्यावर. प्रत्येकापुढं खूण. एकही खूण करायची राहिलेली नव्हती, एकही दिवस चुकलेला नव्हता. जिला आठवत नाही अशी बाई हे करते का? मी ती वही छातीशी धरून तुमच्या पलंगावर बसून राहिले. तुमच्या भावानं बाहेरून विचारलं, "काय गावलं का?" मी म्हणाले, "न्हाई."

तुमचे दिवस झाल्यावर मी एकटी एसटीनं कऱ्हाडला गेले. एकटी कऱ्हाडला मी कधी गेले नव्हते. बाबालाल मेस्त्री म्हणाले, "वैनी, पैशाचं राहू द्या. अक्का लय वेगळी बाई. शेवटी आल्त्या तवा इथं स्टुलावर बसून मला म्हणाल्या, मेस्त्री, माझं डोकं म्हणतंय लावलं न्हाई, पण माझ्या हाताला आठवतंय लावल्यालं. ह्या तळव्याला आठवतंय. मी म्हणलं, अक्का, वय झालं की हातबी खोटं बोलतो. हसल्या."

मी विचारलं, किती राहिलेत? नऊ हजार. फॉल-पिको आणि ब्लाउजाचे माझे पैसे पितळी डब्यात असतात, ते तुमच्या भावाला माहीत नाहीत. आणि असते तरी हे त्याच्याकडून घ्यायचे नव्हते. त्या दिवशी तीन दिले. दर गुरुवारी बाजाराच्या नावानं गेले.

शेवटच्या वेळी इंजिन आणायचं होतं. ते जड, म्हणून तुमचा भाऊ बरोबर आला. त्याला वाटलं मेस्त्रींनी फुकट दिलंय, भंगारात घालू. मेस्त्री म्हणाले, न्यायच्या आधी सुरू करून दाखवतो. दुकानामागं पाण्यानं भरलेलं मोठं पिंप होतं. त्यात पंखा बुडवून इंजिन काठाला अडकवलं, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं.

वन्सं, तोच आवाज. पिंपातलं पाणी पांढरं होऊन उसळत होतं. आणि माझं तोंड आपोआप उघडलं, जसं तुमच्यापुढं बसल्यावर उघडायचं. मी ओरडले. मला वाटलं कुणाला ऐकू जाणार नाही, तुम्हालाच जाईल. "वन्सं, तुमी लावल्तं! तुमचा हात खरा हुता! पूजंला म्हणून..."

पाणी फार उडायला लागलं म्हणून मेस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"...बूच मी काढल्तं!"

सगळं दुकान थांबलं. माझा आवाज पत्र्याखाली तसाच होता, बोटीवरचा. तुमचा भाऊ माझ्याकडं बघत राहिला. "काय म्हणालीस?"

मी आवाज खाली आणला नाही. सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून फोनपर्यंत, आणि गुरुवारचे पैसेही. मग रिळांखालून पिशवीत घालून आणलेलं बूच काढून फळीवर ठेवलं. मेस्त्रींनी ते उचलून अंगठ्यानं पुसलं. आट्यांत कुंकू अजून होतं. ते पिंपाच्या काठावरच बसले. "मीच म्हणलो त्यांना," ते म्हणाले, "हात खोटं बोलतो म्हणून."

तुमच्या भावाचा राग यायची मी वाट बघत होते. तो आला नाही. तुमचा भाऊ दुसरीकडं बघत बोलला, "मी आईचं नाव घेतलं गं. सगळ्या गावासमोर." आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. मग खिशात हात घातला. "किती राहिलेत मेस्त्री? मी देतो."

"तुमी न्हाई," मी म्हणाले.

मेस्त्रीही नको म्हणत होते. मी शेवटचे पंधराशे त्यांच्या हातावर ठेवले आणि बिलावर लिहून द्या म्हणाले. त्यांनी लिहिलं. मी तिथंच उभ्यानं वाचलं, बोट ठेवून, जोडाक्षरासकट. "रक्कम पूर्ण मिळाली."